तीनशे हॉर्सपॉवरच्या गाडीला पेट्रोल पुरवायचं कसं

चार सिलिंडरचं, दीड ते दोन लिटरचं, पोर्ट इंजेक्शनचं (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारणारं) पेट्रोल इंजिन. त्यावर टर्बो, १.२ बार बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब), क्रँकवर ३०० हॉर्सपॉवरचं लक्ष्य. आणि हीच गाडी रोज नाशिकच्या गंगापूर रोडवरून अंबडला कामावरही न्यायची. पुढचं सगळं हे उदाहरण धरून लिहिलं आहे. पिस्टन, रॉड, क्लच आणि ब्रेक यांची सोय आधीच झाली आहे असं समजू.

मोठा पंप टाकला की काम झालं, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात घोळ बहुतेक वेळा पंपात नसतोच. तो असतो पंपाकडे जाणाऱ्या बारीक वायरीत, टाकीत बुडवलेल्या चुकीच्या होजमध्ये, नाहीतर पेट्रोलचं प्रेशर राखणाऱ्या रेग्युलेटरला जोडायच्या राहून गेलेल्या वीतभर नळीत. पेट्रोल कमी पडतं तेही नेमकं पूर्ण बूस्टला. मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) सुरू होतं आणि काही सेकंदांत पिस्टनचा काठ वितळू शकतो. म्हणून आधी कागद-पेन घ्या, ऑर्डर नंतर द्या.

आधी हिशोब

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पितं. साध्या इंजिनापेक्षा हा आकडा मोठा आहे, कारण दट्ट्या थंड ठेवायला मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, ठेवावं लागतं. ३०० गुणिले २७० म्हणजे ८१ किलो. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर तासाला ११० लिटर.

पण पंपावरचं साधं पेट्रोल आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, आहे. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल आकारमानाने सहा-सात टक्के जास्त हवं. आपले ११० लिटर झाले ११८. परदेशी वेबसाइटवरचे इंजेक्टर कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा शुद्ध पेट्रोल किंवा ई१० गृहीत धरतात, त्यामुळे तिथला आकडा तसाच उचलू नका.

आता इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा व्हॉल्व्ह. ११८ भागिले ४ म्हणजे प्रत्येकी साडेएकोणतीस लिटर तासाला, म्हणजे मिनिटाला ४९० सीसी. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवता येत नाही. ७००० आरपीएमला एक पूर्ण चक्र सतरा मिलिसेकंदांत संपतं, आणि उघडायला-मिटायलाच त्यातला एक-दीड मिलिसेकंद जातो. नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं की इंजेक्टर नीट मिटतच नाही आणि ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) सांगितलेलं पेट्रोल व प्रत्यक्ष पडणारं पेट्रोल यांचा मेळ राहत नाही. म्हणून ८० टक्के ही मर्यादा. ४९० भागिले ०.८ म्हणजे ६१५. बाजारात मिळणारा जवळचा आकडा ६५० सीसी, तोही ३ बार प्रेशरवर मोजलेला. तोच घ्या.

‘पुढे ४०० करायची झाली तर’ म्हणून हजार सीसीचे इंजेक्टर घेणारे खूप आहेत. चांगल्या नव्या पद्धतीच्या इंजेक्टरवर ते निभतं. जुन्या डिझाइनचे मोठे इंजेक्टर मात्र आयडलला इतका कमी वेळ उघडतात की दर वेळी पडणारं पेट्रोल सारखं राहत नाही. मग सीबीएसच्या सिग्नलवर गाडी मिसिंग मारते आणि प्लग काळे होतात.

प्रेशर नव्हे, प्रेशरमधला फरक

इथे थोडं थांबा, कारण सगळं प्रकरण याच्यावर उभं आहे. इंजेक्टरमधून किती पेट्रोल पडणार हे रेलमधल्या (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतल्या) प्रेशरवर ठरत नाही. रेलमधलं प्रेशर आणि मॅनिफोल्डमधलं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतलं) प्रेशर यांच्या फरकावर ठरतं.

बऱ्याच नव्या गाड्यांत रिटर्न लाइन नसते. रेग्युलेटर टाकीतच पंपाच्या मोड्यूलमध्ये असतो आणि रेलला कायम ठरलेलं, समजा ३ बार, प्रेशर मिळतं. आता मॅनिफोल्डमध्ये १.२ बार बूस्ट आला की तो इंजेक्टरच्या तोंडावर उलटा दाब देतो. फरक उरला १.८ बार. प्रवाह फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ०.६ चं वर्गमूळ, ०.७७. तुमचा ६५० सीसीचा इंजेक्टर ऐन गरजेच्या वेळी ५०० सीसीचा झाला.

यावर उपाय म्हणजे बूस्टचा सिग्नल घेणारा रेग्युलेटर. त्याला मॅनिफोल्डवरून एक नळी जाते. बूस्ट जितका वाढतो तितकंच रेलचं प्रेशर वाढतं आणि फरक कायम ३ बार राहतो. हा रेग्युलेटर रेलच्या नंतर बसतो. पेट्रोलची वाट अशी: टाकीतला पंप, फिल्टर, रेल, रेग्युलेटर, रिटर्न लाइन, परत टाकी. रिटर्न नसलेल्या गाडीत मोड्यूलमधला मूळ रेग्युलेटर बंद करून रिटर्नची नवी लाइन टाकावी लागते. काम वाढतं, पण ३०० च्या गाडीत ते टाळू नये.

म्हणजे पंपाला ११८ लिटर द्यायचेत ते ३ बारवर नाही, ४.२ बारवर. त्यावर पंचवीस-तीस टक्के राखीव धरा: तासाला १५० लिटर, ४.२ बारवर.

पंप, इंजेक्टर, होज

पंपाच्या खोक्यावरचा आकडा कमी प्रेशरचा असतो. वॉल्ब्रो २५५ मधले २५५ लिटर साधारण पावणेतीन बारचे आहेत. प्रेशर वाढलं की प्रवाह घटतो. तरीही ४.२ बारला तो आपल्या १५० लिटरच्या वर आरामात राहतो, तेव्हा ३०० हॉर्सपॉवरला तोच पुरे. ४५० चा पंप हौसेने बसवला तर दोन त्रास होतात. एक, तो जास्त करंट ओढतो. दुसरा, गाडीच्या मूळ बारीक रिटर्न लाइनमधून इतकं पेट्रोल परत जाऊच शकत नाही. रेग्युलेटर पूर्ण सैल केला तरी प्रेशर ४ बारच्या खाली येत नाही आणि ट्यूनर डोकं धरून बसतो. नामांकित पंप आणि इंजेक्टर यांचा नकली माल सर्रास विकला जातो. किंमत निम्मी असेल तर माल खरा नाही असंच समजा.

इंजेक्टर घेताना चार गोष्टी जुळवा. रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम हवा, म्हणजे मूळ ईसीयू तो थेट चालवू शकतो. २ ते ४ ओहमचा असेल तर वेगळा ड्रायव्हर किंवा रेझिस्टर बॉक्स लागतो. उंची मूळ इंजेक्टरएवढी हवी, नाहीतर रेल नीट बसत नाही आणि ओ-रिंग चेपते. कनेक्टर जुळायला हवा. आणि सोबत डेड टाइमचा तक्ता हवा, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला इंजेक्टर उघडायला किती वेळ घेतो याचे आकडे. तक्ता नसलेले इंजेक्टर स्वस्त मिळाले तरी ट्यूनिंगला ते महाग पडतात.

चारही इंजेक्टर बेंचवर मोजून घ्या. त्यांच्यात दोन टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. इथे नाशिककरांनी एक ध्यानात ठेवावं. सातपूरला बॉशचा कारखाना आहे आणि शहरात डिझेल पंप कॅलिब्रेट करणारे कसबी लोक आहेत, पण डिझेलचा टेस्ट बेंच या कामाचा नाही. पेट्रोल इंजेक्टर अल्ट्रासॉनिकने साफ करून काचेच्या नळ्यांत मोजणारं मशीन जिथे आहे तिथेच जा.

हीच गत होजची. अंबड-सातपूरला हायड्रॉलिक होज हवी त्या लांबीची, क्रिम्प करून लगेच मिळते, आणि मोह होतो. ती तेलासाठी असते. तिचा आतला नायट्राइल रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी निवडलेला नसतो; तो फुगतो, मऊ पडतो, त्याचे काळे कण इंजेक्टरच्या जाळीत अडकतात. गाडीखालून आणि इंजिनच्या बाजूला पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराची, स्टीलच्या विणीची सहा नंबर एएन (होज-फिटिंगच्या मापांची एक पद्धत) होज टाका. पुरवठ्याला सहा आणि रिटर्नलाही सहा. रबरी होज वापरायचीच असेल तर तिच्यावर एसएई जे३० आर९ छापलेलं हवं. आर६ कार्ब्युरेटरच्या जमान्यातली, इंजेक्शनच्या प्रेशरला चालत नाही.

टाकीच्या आत मात्र फक्त आर१०. आर९ ची होज आतून पेट्रोल सहन करते, बाहेरून नाही. टाकीत बुडवली की तिचं वरचं आवरण फुगतं, क्लिप सैल होते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पंप चालू असतानाच ती निसटते. गाडी चालतेय, पंप गुणगुणतोय, पण पेट्रोल टाकीतल्या टाकीत फिरतंय. आर१० महाग मिळते, पण लागते वीतभरच. तिला दात्यांची साधी क्लिप लावू नका, ती रबर कापते. गुळगुळीत पट्टीची इंजेक्शन क्लिप लावा.

फिल्टर दोन: पंपाच्या तोंडाला जाळीची पिशवी, आणि पंपानंतर १० मायक्रॉनचा ग्लास-फायबर घटकाचा. साधा कागदी घटक इथेनॉलमध्ये टिकत नाही.

वायरिंग

मूळ पंप पाच-सहा अँपिअर ओढत असतो; वॉल्ब्रो २५५ साडेचार बारच्या आसपास दहा ते बारा ओढतो. कंपनीची वायर बहुधा १ चौरस मिमीची. पाच मीटर लांबीत, १२ अँपिअरला तिच्यातच एक व्होल्ट खर्च होतो, शिवाय कनेक्टर आणि अर्थिंगचा वेगळा. व्होल्टेज १३.५ वरून १२ वर आलं की पंपाचा प्रवाह लक्षणीय पडतो. पंप चांगला, आणि तरी पेट्रोल कमी.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ४ चौरस मिमीची तांब्याची वायर काढा. बॅटरीपासून वीतभर अंतरात ३० अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज लांब ठेवलात तर मधली वायर घासली गेल्यावर तिला वाचवणारं कुणी नाही. पुढे डिकीत ४० अँपिअरचा रिले. त्याच्या ३० नंबरला ही वायर, ८७ वरून पंपाला, ८६ ला पंपाची जुनी पॉझिटिव्ह वायर आणि ८५ ला अर्थ. जुन्या वायरीवरून रिले चालवण्यामागे कारण आहे: इंजिन बंद पडलं किंवा अपघात झाला तर ईसीयू पंप बंद करतो. रिलेला थेट चावीचा किंवा वेगळ्या स्विचचा करंट दिला तर उलटलेल्या गाडीतही पंप पेट्रोल ओतत राहील. काही गाड्यांत पंपाचा वेग ईसीयू पल्सने बदलतो. तिथे साधा रिले तडतडतो, सॉलिड-स्टेट कंट्रोलर लागतो.

अर्थिंगचीही तेवढीच जाड वायर. बॉडीवरचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून ग्रीस. टाकीच्या झाकणातून आत जाणाऱ्या मूळ बारीक पिना जास्त करंटला वितळतात; तिथे पेट्रोलला टिकणारा बल्कहेड कनेक्टर बसवा. भोक पाडून सिलिकॉन भरायचा उद्योग नको. पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगून सुटतं.

टाकी उघडताना

टाकीत पाच लिटरच्या आत पेट्रोल ठेवा. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, दोनदा सेल्फ मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. काम उघड्यावर करा. गॅरेजच्या पिटवर मुळीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचून राहते आणि एक ठिणगी पुरते. हॅलोजनचा झुलता दिवा नको, एलईडी घ्या. हाताशी चार किलोचं ड्राय पावडर एक्स्टिंग्विशर आणि शुद्धीवर असलेला दुसरा माणूस हवा.

पोलोसारख्या गाडीत मागच्या सीटखाली झाकण मिळतं, काही गाड्यांत टाकीच खाली उतरवावी लागते. झाकणाभोवतीची माती आधी ब्रशने आणि हवेने साफ करा, नाहीतर ती थेट टाकीत. लॉक रिंग पितळेच्या गजाने ठोकून फिरवा, लोखंडी छिन्नीने नाही. मोड्यूल काढायच्या आधी त्याची दिशा मार्करने खुणा करून ठेवा. उलटं बसलं तर फ्लोट टाकीच्या भिंतीला अडतो आणि काटा कायम अर्ध्यावर. झाकणाची रबरी रिंग नवीच टाका. जुनी फुगलेली असते, दाबून बसवली तरी कुठेतरी दुमडते.

एएन फिटिंगच्या तिरक्या तोंडाला टेफ्लॉन टेप लावायची नसते, तिथे धातूच धातूला बसतो. निमुळत्या आट्यांना पेट्रोलला चालणारं द्रव सीलंट लावा. टेपचा तुटलेला धागा सरळ इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो. पीटीएफई होज कापताना आधी टेप गुंडाळा आणि पातळ कटिंग डिस्कने कापा. नट आधी होजवर चढवा, मग विणीचे धागे बाहेर पसरवून ऑलिव्ह (जॉइंट सील करणारी छोटी रिंग) फक्त पांढऱ्या नळीवर दाबा. एक जरी स्टीलचा धागा ऑलिव्हखाली अडकला तरी जॉइंट गळणार. झालेली होज हवा मारून आतून साफ करा. होज एक्झॉस्टपासून किमान १० सेंमी लांब ठेवा आणि दर ३०-४० सेंमीवर रबरी अस्तराच्या क्लिपने बांधा.

इंजेक्टरच्या ओ-रिंग व्हिटॉनच्या हव्यात. बसवताना थेंबभर इंजिन ऑइल लावा. रेल दाबल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटाने गोल फिरला पाहिजे. अडला तर ओ-रिंग कापली गेली आहे.

स्टार्ट मारायच्या आधी

चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून पंपाला लाइन भरू द्या. प्रत्येक जॉइंटभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. दहा मिनिटं थांबून पुन्हा.

आता पुरवठ्याची खरी परीक्षा. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम निपलला सायकलचा गेजवाला हातपंप जोडा आणि १.२ बार हवा द्या. फ्युएल पंप चालू असताना फ्युएल गेज ३ वरून ४.२ वर चढलं पाहिजे. चढलं नाही तर रेग्युलेटरचा डायफ्राम किंवा जोडणी चुकली. तसंच प्रेशर धरून रिटर्न लाइनचं टोक धातूच्या, बॉडीला अर्थ केलेल्या मापाच्या डब्यात सोडा आणि तीस सेकंद मोजा. एक लिटर ही आपली किमान गरज, सव्वा लिटर आलं तर निर्धास्त. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे चालू गाडीत आकडा थोडा वरच जाईल. त्याच वेळी मल्टिमीटरने बॅटरीवरचं आणि पंपाच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा.

गाडी चालू झाल्यावर रेग्युलेटरची नळी काढून बोटाने बंद करा आणि ३ बार, म्हणजे साडेत्रेचाळीस पीएसआय, लावा. नळी परत जोडली की आयडलला साधारण २.४ बार दिसेल. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास असल्यामुळे व्हॅक्यूमचा आकडा मुंबईतल्या गाडीपेक्षा जरा कमी दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

ट्यूनिंग डायनोवरच, म्हणजे गाडी जागीच रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर. समृद्धीवर किंवा मुंबई-आग्रा महामार्गावर लॅपटॉप मांडीवर घेऊन पुल (पूर्ण रेसची धाव) मारणं म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्याचाही जीव टांगणीला लावणं. ट्यूनरला ६५० सीसी, ३ बार आणि डेड टाइमचा तक्ता द्या. वाइडबँडवर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर) लॅम्डा (आदर्श मिश्रणाच्या तुलनेत हवेचं प्रमाण) पाहायला सांगा, पूर्ण बूस्टला ०.७८ ते ०.८२. एएफआरचे (हवा-पेट्रोल प्रमाणाचे) आकडे पेट्रोलमधल्या इथेनॉलप्रमाणे फसवतात, लॅम्डा फसवत नाही. रेलवर ० ते १० बारचा प्रेशर सेन्सर लावून तो ईसीयूला जोडा आणि फरक अडीच बारच्या खाली गेला की बूस्ट कापायची सोय करून घ्या. या एका सेन्सरमुळे इंजिन वाचतं. आणि रोज जे पेट्रोल भरणार त्याच पेट्रोलवर ट्यून करा. शंभर ऑक्टेनवर केलेला मॅप (ईसीयूची सेटिंग) घोटीच्या पंपावर साधं पेट्रोल भरल्यावर नॉक करेल.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

प्रेशर फक्त वरच्या आरपीएमला पडत असेल तर पंपाचं व्होल्टेज, फिल्टर, मग पंप, या क्रमाने पाहा. बूस्ट आल्याबरोबर रेल आणि मॅनिफोल्डच्या प्रेशरमधला फरक घटत असेल तर रेग्युलेटरची नळी तडकली किंवा निसटली. तिला दोन्ही टोकांना क्लिप हवीच. सकाळी स्टार्टला वेळ लागत असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. पंप अचानक किंचाळायला लागला तर त्याच्या तोंडाची जाळी तुंबली आहे.

कसारा घाटाच्या वळणांवर टाकी पाव असताना गाडी झटका देते, तेव्हा पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतोय. कुणी लगेच डिकीत सर्ज टँक बसवायला सांगेल. रस्त्यावरच्या गाडीत केबिनजवळ पेट्रोलची दुसरी टाकी कशाला? मूळ मोड्यूलची वाटी शाबूत ठेवा आणि काटा पावच्या खाली जाऊ देऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात हे जास्तच पाळा. पंप पेट्रोलनेच थंड राहतो, आणि रेलवरून तापून परत आलेलं पेट्रोल थोड्या पेट्रोलात मिसळलं की वाफ धरतं.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांसाठी

ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय किंवा पोलो टीएसआयमध्ये दोन पंप असतात: टाकीतला कमी प्रेशरचा आणि कॅमशाफ्टवर चालणारा हाय-प्रेशर. रेलमध्ये शंभर-दोनशे बारचा मामला असतो, तेव्हा ती लाइन चुकूनही चालू गाडीत किंवा नुकत्याच बंद केलेल्या गाडीत सैल करू नका. ती धार कातडी भेदून आत जाते. इथे रेलचं मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर लॉग करा. वरच्या आरपीएमला दोन्हींत अंतर पडत असेल तर आधी टाकीतल्या पंपाचं प्रेशर पाहा, मग हाय-प्रेशर पंपाचा विचार करा. स्टेज १ च्या (फक्त सॉफ्टवेअर बदलणाऱ्या) मॅपला बहुधा दोन्ही मूळचेच पुरतात.

कागदपत्रं आणि देखभाल

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं आहे. बदल विमा कंपनीला न कळवता आगीचा क्लेम केला तर तो नाकारला जाऊ शकतो. मूळ पंप, इंजेक्टर आणि मोड्यूल जपून ठेवा. गाडी विकताना किंवा पासिंगच्या वेळी लागतात.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर फिल्टर काढून झटका. काळे कण निघाले तर कुठलीतरी होज आतून सुटते आहे, चकचकीत कण निघाले तर पंप झिजतो आहे. पावसाळ्यात गाडी दोन-दोन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा; अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी सुटतं आणि इथेनॉल ते ओढून घेतं. टाकीतली आर१० होज दर दोन वर्षांनी बदला, ती चांगली दिसत असली तरी.